पंढरपूर ते दोहा, व्हाया कलम १५३-अ

आपल्या सगळ्यांच्या कपाटात एक निळा पासपोर्ट असतो. इथलं रेसिडेन्स परमिट रिन्यू होत राहतं, कंपनी बदलते, पण तो पासपोर्ट आहे म्हणून परतीची वाट आहे, हे मनात कुठंतरी पक्कं असतं. मार्च २०१० मध्ये दोह्याच्या भारतीय वकिलातीत एका ९४ वर्षांच्या चित्रकाराने तोच पासपोर्ट परत केला. कतारने त्यांना नागरिकत्व दिलं होतं आणि भारताला दुहेरी नागरिकत्व चालत नाही. चित्रकाराचं नाव मकबूल फिदा हुसेन. जन्म पंढरपूर, १९१५.

रास लफानच्या गॅस प्लँटवर वर्षानुवर्षं काढली तरी इथल्या नागरिकत्वाचं स्वप्नदेखील कुणी पाहत नाही. म्हणून कुतूहल वाटलं, की हा माणूस असा का आला? वाचत गेलो आणि पोचलो थेट लोकमान्यांपाशी!

हुसेन यांनी सत्तरच्या दशकात हिंदू देवतांची काही विवस्त्र रेखाचित्रं काढली होती. त्यावर वीसेक वर्षं काही गदारोळ झाला नाही. १९९६ साली भोपाळच्या 'विचार मीमांसा' या हिंदी मासिकाने ती छापली आणि वणवा पेटला. मुंबईत कलम १५३-अ (गटागटांत वैर पसरवणे) आणि २९५-अ (धर्मभावना दुखावणे) यांखाली गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी अहमदाबादेत त्यांची चित्रं जाळली गेली, १९९८ मध्ये मुंबईतल्या घरावर हल्ला झाला.

आता हे १५३-अ आलं कुठून? १८९७ साली पुण्यात प्लेगच्या काळात रँड-आयर्स्ट प्रकरण घडलं. त्याआधी आठवडाभर 'केसरी'त शिवजयंती उत्सवाचा वृत्तान्त आणि अफझलखानवधाची चर्चा छापून आली होती. त्यावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. शिक्षा दीड वर्ष सक्तमजुरी. लगेच १८९८ साली सरकारने राजद्रोहाचं कलम अधिक कडक केलं आणि त्याच कायद्यात १५३-अ नव्याने घातलं. म्हणायला हेतू चांगलाच होता. १८९३ ची मुंबईतली हिंदू-मुसलमान दंगल सर्वांच्या आठवणीत होती. असं कलम हवंच, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं.

पण गंमत बघा. १९०८ साली मुझफ्फरपूरच्या बाँबनंतरच्या 'केसरी'तल्या लेखांवरून टिळकांवर पुन्हा खटला झाला. राजद्रोहाच्या दोन आरोपांसाठी सहा वर्षं मंडाले, हे आपण शाळेत शिकलो. तिसरा आरोप होता १५३-अ चा, आणि त्याबद्दल हजार रुपये दंड! इथे वैर कोणत्या दोन गटांत? तर इंग्रज आणि हिंदी लोकांत. म्हणजे दुबळ्याला जमावापासून वाचवायचं कलम राज्यकर्त्यांनी स्वतःच्याच अंगरख्याखाली घातलं. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील, हा आणखी एक योगायोग.

स्वातंत्र्य आलं, घटनेच्या कलम १९ ने बोलण्याचा हक्क दिला, 'वाजवी निर्बंध'ही घातले. १५३-अ तसंच राहिलं. खटला भरायला सरकारची परवानगी लागते, ही त्यातली मोठी मेख. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीच्या काळातल्या 'सामना'च्या अग्रलेखांवर खटला भरावा म्हणून राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा हायकोर्टात गेले. १९९४ साली कोर्टाने ती याचिका फेटाळली. शहर जळत असतानाच्या लिखाणावर कलम चाललं नाही आणि वीस वर्षं जुन्या रेखाचित्रांवर दोनच वर्षांनी चाललं, हे मला अजून पचत नाही.

खरं सांगायचं तर हुसेन यांची ती चित्रं मलाही आवडत नाहीत. माझ्या आईला तर फारच लागलं असतं. पण मन दुखावणं वेगळं आणि कुणाच्या अंगावर माणसं सोडणं वेगळं. आपल्या कायद्यात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे, आणि ज्याच्यामागे गर्दी मोठी त्याचंच मन जास्त दुखावतं. २००४ मध्ये काही मुस्लिम संघटनांनी गाण्यावर हरकत घेतली, तेव्हा हुसेन यांनी स्वतःचा 'मीनाक्षी' सिनेमा थिएटरांतून काढून घेतला.

कोर्टात ते हरले नाहीत. १५३-अ च्या तक्रारी दिल्ली हायकोर्टाने २००४ साली रद्द केल्या. पुढे 'भारतमाता' चित्रावरून गावोगावी नवे खटले झाले. त्यांतला एक चक्क पंढरपूरचा! न्या. संजय किशन कौल यांनी मे २००८ मध्ये तेही रद्द केले. नव्वदीच्या चित्रकाराने आपल्या घरी बसून चित्रं काढावीत, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. पण २००६ मध्ये देश सोडलेले हुसेन परतले नाहीत.

आणि आले कुठे, तर कतारला. इथल्या २००४ च्या दंडसंहितेत धर्माच्या विटंबनेला सात वर्षांपर्यंत कैद आहे. आपण सगळे इथे जीभ सांभाळूनच राहतो. शेखा मोझा यांच्या निमंत्रणावरून त्यांनी अरब संस्कृतीवर चित्रमालिका सुरू केली. ९ जून २०११ ला लंडनमध्ये ते गेले, दफनही तिकडेच.

भारतात १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली आहे. १५३-अ तिथे आता कलम १९६ या नावाने आहे. आणि दोह्याच्या एज्युकेशन सिटीत नोव्हेंबर २०२५ मध्ये हुसेन यांच्याच स्केचवरून बांधलेलं त्यांचं संग्रहालय उघडलं. अल खोरच्या रस्त्याने आपल्याला तासाभरात पोचता येतं. पंढरपूरहून कुणी पाहुणे आले, तर त्यांनाही घेऊन जा.