गांजाचा कायदा आणि वर्धेचे दोन काठ

वर्धा नदीच्या एका काठी बल्लारपूर आणि दुसऱ्या काठी राजुरा. आज ही दोन्ही गावे चंद्रपूर जिल्ह्यात मोडतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथून दोन राज्यांची सरहद्द जात होती. बल्लारपूरकडील चांदा जिल्हा इंग्रजांच्या मध्यप्रांतात, तर राजुरा निजामाच्या सिरपूर-तांदूर उपजिल्ह्यात. रान एक, नदी एक. अबकारीचा अंमल मात्र दोन दरबारांचा. गांजाच्या नियमनाचा इतिहास पाहताना ही सरहद्द ध्यानात ठेवणे इष्ट होईल.

त्या काळी गांजा परवान्याने विकला जात असे, हे आज अनेकांस नवल वाटेल. एकाच झाडाची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे राळयुक्त तुरे म्हणजे गांजा, आणि नुसती राळ म्हणजे चरस. मध्यप्रांतात गांजाची लागवड निमाड जिल्ह्यात खांडव्याकडे एकवटलेली होती. माल सरकारी देखरेखीखालील कोठारात जाई आणि कर भरल्यावर परवानेदार दुकानी पोहोचे.

१८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात केन या सभासदाने बंगालमधील गांजासंबंधी प्रश्न विचारला, आणि त्याच वर्षी जुलैत हिंदुस्थान सरकारने चौकशी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते; सात सभासदांत तिघे हिंदी होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदविल्या.

सर्वांत गंभीर आरोप असा होता की, गांजाने माणूस वेडा होतो. वेड्यांच्या इस्पितळांचे तक्ते तसे सांगतही होते. आयोगाने १८९२ सालच्या नोंदी एकेक करून तपासल्या. गांजा-भांगेच्या माथी मारलेली २२२ प्रकरणे होती. छाननीअंती त्यांपैकी ९८ च ग्राह्य ठरली. रोग्यास आणणाऱ्या पोलिसाने कारणाच्या रकान्यात जे लिहिले, तेच पुष्कळदा वैद्यकीय सत्य म्हणून पुढे चालत आले होते. ज्या आकड्यांच्या आधारे लक्षावधी लोकांस गुन्हेगार ठरविले जाणार होते, त्यांचा पाया इतका ठिसूळ होता.

आयोगाने संपूर्ण बंदी अनावश्यक मानली. मात्र मोकळीकही दिली नाही. परवान्याखेरीज लागवड नको, ती एकवटलेली असावी, दुकाने मोजकी असावीत, कर पुरेसा असावा, आणि कोणाही जवळ ५ तोळ्यांहून अधिक गांजा वा पावशेराहून अधिक भांग नसावी, अशी शिफारस झाली. राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद या दोघा हिंदी सभासदांनी भिन्नमत नोंदविले. सरकारला करही मिळत होता, तेव्हा त्याच्या निर्णयाकडे संशयाने पाहणे अगदीच गैर म्हणता येत नाही.

या व्यवस्थेची खरी कसोटी सरहद्दीवर होती. एका काठी कर वाढला आणि दुसऱ्या काठी माल स्वस्त राहिला, तर चोरटा व्यापार होणारच. म्हणूनच संस्थानांच्या सहकार्याचा प्रश्न आयोगासमोर आला. राजुऱ्यापुरती ती सरहद्द पुढे पुसली गेली: १९५६ साली हा तालुका हैदराबाद राज्यातून मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली चांद्यात.

तोवर जगाचा कल बंदीकडे झुकला होता. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर भारताने १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा केला. त्यात गांजा व चरस निषिद्ध ठरले. तुऱ्यांवाचूनची पाने मात्र व्याख्येबाहेर राहिली, आणि त्यामुळे भांग राज्यांच्या अबकारीत उरली. २००१ साली मालाच्या वजनाप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या ठरविण्यात आल्या.

इकडे उरुग्वेने २०१३ साली आणि कॅनडाने २०१८ साली गांजा कायदेशीर केला. लागवडीस परवाना, विक्रीवर निर्बंध, जवळ बाळगण्यास मर्यादा ही त्यांची साधने खांडव्याच्या कोठारास अपरिचित नव्हती. भारताने त्यांचे अनुकरण करावे की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु निर्णय कोणताही होवो, शिक्षेचे कलम लिहिण्यापूर्वी कारणाच्या रकान्यातील नोंद कोणी आणि कशावरून केली, हे तपासण्याची १८९३ ची रीत विसरून चालणार नाही.