हीण कोणते?
‘कान सोनारानेच टोचावे’ ही म्हण आपल्या ज्ञातीवरील लोकविश्वासाची साक्ष होय. पूर्वी टोचलेल्या कानात सोन्याची तार घालीत. तिच्यात हीण असलेच तर ते बहुधा तांब्याचे वा चांदीचे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत प्लॅटिनमऐवजी पांढरे सोने आले आणि त्यासोबत निकेल शिरले. निकेल घामात विरघळते. कित्येकांच्या कातडीस खाज सुटते, पुरळ उठते, आणि एकदा जडलेली ही बाधा सहसा जन्मभर राहते. युरोपात १९९४ साली निकेलवर कायद्याने मर्यादा घातली गेली. दागिन्यावरील छाप सोन्याचा अंश सांगतो, हिणाचे नाव सांगत नाही. ते नाव ग्राहकास आपण होऊन सांगणे व निकेलऐवजी पॅलेडियम योजणे, हे आम्ही ज्ञातिबांधवांचे कर्तव्य समजतो.