टेफ्लॉनचे ‘कलम’ : एका कृत्रिम स्नायूचा इतिहास

१/७
६ एप्रिल १९३८, न्यू जर्सी. ड्यूपाँचे रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट प्रयोगासाठी साठवलेल्या वायूचे नळकांडे उघडतात. वायू येत नाही, पण वजन तर पुरेपूर! नळकांडे कापल्यावर आत पांढरी भुकटी सापडते. हेच टेफ्लॉन : सहसा कशाशीही संयोग न पावणारे. अशा अलिप्त पदार्थाच्या कुळातून पुढे ‘स्नायू’ निपजला.

२/७
१९६० च्या दशकात त्याच कंपनीतील वॉल्थर ग्रोट यांनी नॅफियॉन घडवले : टेफ्लॉनसारखा कणा आणि शाखांच्या टोकांना सल्फॉनिक आम्लाचे गट. या पडद्यातून धन आयन जातात, ऋण आयन अडतात. मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन व कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांत तो रुजला.

३/७
१९९२ साली जपानमध्ये केइसुके ओगुरो आणि सहकाऱ्यांनी अशा ओल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचे थर देऊन अल्प व्होल्टचा दाब लावला. पट्टी वाकली! त्याच सुमारास अमेरिकेत मोहसेन शाहिनपूरही या दिशेने काम करत होते.

४/७
धातू नुसता चिकटवला तर वाकताना सुटेल. म्हणून पडदा खरवडतात, प्लॅटिनमच्या क्षारात भिजवतात आणि सोडियम बोरोहायड्राइडने तो धातू पृष्ठभागाच्या आतच उगवू देतात. विद्युतदाब लावताच धन आयन पाणी सोबत घेऊन ऋणाग्राकडे धावतात. ती बाजू फुगते आणि पट्टी धनाग्राकडे वळते.

५/७
अडचण मूळ पडद्याचीच होती. तो या कामासाठी जन्मलेलाच नव्हता. महाग, ठरावीक जाडीचा आणि आयनगटांचे प्रमाणही उत्पादकाने ठरवलेले.

६/७
उपाय आंबा-बागायतदाराला ओळखीचा वाटेल : कलम! साध्या फ्लोरोपॉलिमरच्या फिल्मवर प्रारणांचा मारा करून तिच्या साखळ्यांवर क्रियाशील जागा निर्माण करायच्या, तेथे स्टायरीनच्या शाखा वाढवायच्या आणि त्यांना सल्फॉनिक गट जोडायचे. खुंट टणक, फांदी पाणी ओढणारी. २००६ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी अशा पडद्यांपासून पट्ट्या बनवल्या. आता जाडी आणि आयनगटांचे प्रमाण प्रयोगशाळेच्या हाती आले.

७/७
मात्र कलम अति वाढले तर पडदा फुगून दुबळा होतो. हवेत पट्टी सुकते. दाब वाढवला तर पाण्याचेच विघटन होते. नासाच्या लघुग्रहावरील छोट्या रोव्हरवर धूळ पुसण्यासाठी या पट्टीचा विचार झाला होता. २००० साली तो रोव्हरच रद्द झाला. पाण्याशी फटकून वागणाऱ्या टेफ्लॉनच्या या वंशजाची हालचाल सहसा पाण्यावरच अवलंबून असते.