जुन्या मालमोटारीचा वॉटर पंप व पुली : बिद्री परिसराच्या संदर्भात सुट्या भागांच्या शोधाचा इतिहास

कागल तालुक्यातील बिद्री येथील श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या वाहनांची रांग रस्त्यापर्यंत येते. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची संख्या वाढली असली तरी ऊस वाहतुकीचा इतिहास मालमोटारीला वगळून लिहिता येत नाही. लांब पल्ल्याच्या व्यापारी वाहतुकीतून निवृत्त झालेली जुनी गाडी हंगामी ऊस वाहतुकीस लागणे ही साखर पट्ट्यातील परिचित बाब आहे. अशी गाडी बंद पडल्यास नुकसान केवळ मालकाचे होत नाही. तोडलेला ऊस फडात वाळतो, त्याचे वजन व साखर उतारा घटतो आणि टनावर मजुरी मिळणारी तोडणी टोळी दिवसभर बसून राहते. वॉटर पंपाचे सील गेल्याने किंवा पुलीची खाच झिजल्याने हे सर्व घडू शकते. प्रस्तुत लेखात या क्षुल्लक वाटणाऱ्या भागाच्या शोधाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

भारतीय मोटार उद्योगाचा इतिहास बहुधा कारखान्याच्या फाटकातून लिहिला गेला आहे. 1928 मध्ये मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना निघाला. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे स्थान उरले नाही व जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले काम आटोपते घेतले. हा घटनाक्रम सर्वपरिचित आहे. तथापि कंपनी गेली तरी तिच्या गाड्या रस्त्यावर राहतात आणि त्यांचे पंप गळतातच, ही साधी गोष्ट या इतिहासात फारशी येत नाही. परवान्यावर चालणाऱ्या आयातीच्या काळात शेवरलेट, फोर्ड किंवा डॉज बनावटीच्या जुन्या ट्रकचा सुटा भाग मिळवणे हा स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला.

1954 मध्ये टाटांच्या टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रकनिर्मिती सुरू केली. हा करार 1969 मध्ये संपुष्टात आला. जाळीवरील त्रिकोणी तारा गेला. गाडी मात्र बोलीभाषेत दीर्घकाळ ‘मर्सिडीज’च राहिली. सुट्या भागांच्या दृष्टीने येथे एक अडचण उद्भवते. 1210 किंवा 1612 हे गाडीचे क्रमांक तिचे भारासह वजन व शक्ती ढोबळमानाने सांगतात. पंप मात्र गाडीला नव्हे, इंजिनाला बसतो. इंजिनाचे नाव वेगळेच बोलते. 692 म्हणजे सहा सिलिंडर आणि 92 मिलिमीटर व्यास, 697 म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटर व्यास. पुढे 1993 मध्ये टाटा कमिन्स ही संयुक्त कंपनी स्थापन झाली व त्या इंजिनांबरोबर व्ही आकाराच्या पट्ट्याऐवजी चपटा, अनेक धारांचा पट्टा आला. वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या गाडीचे इंजिन मधल्या काळात बदललेले असण्याचाही संभव असतो. त्यामुळे दुकानात गाडीचे नाव सांगून मागितलेला पंप बसत नाही, यात दुकानदाराचा दोष असतोच असे नाही.

या कारणानेच जाणता मेस्त्री नावावर विसंबत नाही. तो नमुना मागतो. काढलेला पंप गोणपाटात गुंडाळून कोल्हापूरला न्यायचा, त्याच्या अंगावर ओतीव अक्षरांत असलेला क्रमांक घासून वाचायचा, बोल्टच्या छिद्रांवर जुने गॅस्केट ठेवून पाहायचे, शाफ्टची जाडी व इंपेलरच्या पात्यांची दिशा ताडायची, अशी ही रीत आहे. पात्यांची दिशा विशेष महत्त्वाची आहे. चपट्या पट्ट्याच्या पाठीवर फिरणारा पंप उलट्या दिशेने फिरतो. बाहेरून तंतोतंत जुळणारा परंतु विरुद्ध दिशेचा पंप बसवल्यास पाणी पुरेसे खेळत नाही आणि गाडी पहिल्याच चढावर तापते.

पुलीच्या बाबतीत चूक अधिक सहज होते, कारण चुकीची पुलीही बसते आणि फिरते. इंजिनाची पुली 200 मिलिमीटरची व पंपाची 150 ची असल्यास पंप इंजिनाच्या सव्वापटीहून थोडा अधिक फिरतो. तेथे 130 ची पुली चढवली तर त्याचा वेग आणखी सुमारे 15 टक्के वाढतो. मोठी पुली बसवली तर पंप मंदावतो आणि त्याच शाफ्टवर असलेला पंखाही. हबची खोली दोन-तीन मिलिमीटरने चुकली तर पट्टा तिरका ओढला जाऊन काठाने झिजतो व बेअरिंगवर आडवा ताण येतो. जुनी पुली पुन्हा वापरावी की नाही याची खूण तिच्यातच असते : व्ही पट्टा खाचेच्या बाजूंना धरून चालला पाहिजे; खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर पट्टा तळाला टेकत आहे व पुली संपली आहे. पंप नवा घेऊन पुली जुनीच ठेवण्याची काटकसर म्हणूनच महागात पडते.

या शोधाची वाट कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरकडे जाते, आणि ते आकस्मिक नाही. दुसऱ्या महायुद्धात परदेशी भागांची आवक आटली तेव्हा पाणी उपसणारी तेलइंजिने चालू ठेवण्यासाठी येथील कारागिरांनी भाग स्वतः ओतण्यास व कातण्यास आरंभ केला. दुरुस्तीतून नक्कल, नकलेतून निर्मिती असा हा प्रवास आहे. उद्यमनगर, पांजरपोळ, पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्या देशातील मोठ्या वाहन कंपन्यांना ओतीव भाग पुरवू लागल्या. मालवाहतुकीसाठी ख्यातनाम झालेल्या घाटगे-पाटील समूहाने फाउंड्री क्षेत्रात पाऊल ठेवले, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. येथे कारागिराचे मोजमाप पुस्तकी आराखड्यावरून नव्हे, तर तुटलेल्या नमुन्यावरून सुरू झाले. ओतीव लोखंड थंड होताना आकसते, म्हणून लाकडी पॅटर्न किंचित मोठा करावा लागतो. हे ज्ञान नसलेल्याने केलेली नक्कल किंचित लहान भरते.

‘लोकल’ माल म्हणजे हलका माल, असे सरसकट विधान करणे मात्र अन्यायाचे होईल. पुली लेथवर नीट कातून, तोल साधून दिली तर ती वर्षानुवर्षे चालते. पंपाच्या बाबतीत सावधगिरी हवी; तेथे ओतीव घडणीपेक्षा सील व बेअरिंगचा दर्जा निर्णायक असतो. जुन्या पंपांत दोरीचे पॅकिंग आवळून गळती थांबवता येई. कार्बन सीलच्या पंपात तशी सोय नाही. खालच्या छिद्रातून पाणी ठिबकू लागले की पंप बदलण्याची वेळ आली असे समजावे. ते छिद्र लाकडी खुंटीने बुजवण्याचा उपाय बेअरिंगमध्ये पाणी शिरवतो आणि भर हंगामात गाडी उभी करतो.

2021 मध्ये वाहन भंगारात काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाल्यानंतर जुन्या गाड्यांचे आयुष्य योग्यता चाचणीशी अधिक घट्ट बांधले गेले. जोवर अशी गाडी चाचणीत उतरते, तोवर तिच्या पंपाचा शोध चालूच राहतो. म्हणूनच नवा पंप बसल्यावर समंजस चालक जुना पंप भंगारात देत नाही. पुलीसह तारेने बांधून तो सीटखालच्या पेटीत ठेवतो; पुढच्या वेळी कोल्हापूरला दाखवायला नमुना तोच असतो.