समाह्वय आणि घोड्यांची शर्यत

मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर इंडियन डर्बी ही शर्यत सामान्यतः फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारीं होते. तत्पूर्वीं शौकीन मंडळींत चालणारी चर्चा आम्हीं पुण्याहून मुंबईस जातांना आगगाडींत अनेकदां ऐकली आहे. कोणत्या घोड्याचें कूळ थोर, २४०० मीटरपर्यंत दम कोणाचा टिकेल, जॉकी कोण, सकाळच्या रपेटींत कोण कसा धावला आणि त्याचा भाव काय, या प्रश्नांवर जें खंडनमंडन होतें तें एखाद्या शास्त्रार्थाहून कमी नसतें. मंडळींच्या युक्तिवादाचें पर्यवसान मात्र एकाच सिद्धांतांत होतें: हा जुगार नव्हे, ही विद्या आहे. या सिद्धांताची परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डर्बी हें नांव व तिची पद्धति इंग्रजी, हें निर्विवाद आहे. येथील पहिली डर्बी १९४३ सालीं झाली व ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनें जिंकली. परंतु शर्यत ही कल्पना आपल्याकडे परकी नाहीं. वेदांत शर्यतीस 'आजि' व तिच्या शेवटच्या खुणेस 'काष्ठा' म्हटलें आहे. ऐतरेय ब्राह्मणांत देवांनीं आश्विनशस्त्रासाठीं लाविलेल्या शर्यतीची कथा आहे. तींत अग्नीच्या रथास खेचरी, उषेच्या रथास तांबड्या गाई, इंद्राच्या रथास घोडे आणि अश्विनांच्या रथास गाढवें जोडलीं होतीं. तरी जिंकले अश्विनच. कारण पुढें असलेल्या प्रत्येकानें आपला वांटा ठरवून घेऊन त्यांस वाट दिली! इंद्राच्या घोड्यांचें कूळ पाहून कोणी पण लाविला असता, तर त्याची विद्या त्यास काय उपयोगीं पडली असती? महाभारतांतील कद्रू व विनता यांचा पणही घोड्यावरूनच होता. उच्चैःश्रव्याच्या शेंपटीच्या रंगावर दास्य लाविलें गेलें, आणि तेथेंही जय कपटाचाच झाला.

आतां धर्मशास्त्राकडे वळूं. निर्जीव साधनांनीं खेळलें जातें तें द्यूत व सजीव प्राण्यांकडून होतो तो समाह्वय, असा भेद करून मनूनें दोन्ही वर्ज्य ठरविलीं. याज्ञवल्क्यानें मात्र चोरांची ओळख पटावी म्हणून द्यूत एकाच अधिकाराखालीं चालवावें असें सांगून तोच विधि समाह्वयास लाविला. कौटिल्यही एकमुख द्यूताचाच पुरस्कर्ता आहे. अन्यत्र खेळणारास तो बारा पण दंड सांगतो व जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच अध्यक्षास देववितो. १९१२ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील शर्यतीचीं मैदानें परवान्याखालीं आलीं व पुढें टोटच्या रकमेंतून सरकारचा भाग निघूं लागला. या व्यवस्थेशीं कौटिल्याचा नियम ताडून पाहिला असतां साम्य सहज दिसतें.

शौकिनांचा मुख्य आधार निराळा आहे. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मद्रासच्या प्रकरणांत घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरविला. याचेंही बीज कौटिल्यांत आहे: विद्या व शिल्प यांतील समाह्वय त्यानें उक्त नियमांतून वगळिला आहे. परंतु आमच्या मतें ही सवलत स्वतःची विद्या वा शिल्प पणास लावणारासाठीं आहे. जॉकीचें शिल्प जॉकीचें, दम घोड्याचा. कठड्याबाहेर उभा असणारा लावतो तें केवळ स्वतःचें द्रव्य. त्याचें अश्वज्ञान खोटें नव्हे, पण शर्यत त्याच्या हातीं नाहीं. न्यायालयाचा निर्णय आम्हांस शिरोधार्य आहे. तथापि कायद्यानें जुगार नाहीं एवढ्यावरून प्रपंच सुरक्षित राहतो, असें कोणीं समजूं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. शालिहोत्राच्या पोथ्या ज्यांचे संग्रहीं असतील त्यांनीं त्यांचे समास व कोरीं पानें अवश्य तपासावीं. लक्षणें व भोंवरे यांच्या शेजारीं एखाद्या पणाची नोंद आढळल्यास ती प्रसिद्ध करावी. या विषयास तिचें मोल फार आहे.