हायकूमागची बैठक

बाशोला (१६४४–१६९४) आपण 'हायकूकार' म्हणतो. वर्गात आम्हीही तेच शिकवीत आलो. वस्तुतः त्याच्या हातचा तो 'होक्कू', म्हणजे अनेकांनी मिळून गुंफावयाच्या साखळीकाव्याची पहिली कडी. (सुटे होक्कूही त्या काळी छापले जात, हे खरे.) पाहुण्याने ऋतूचा निर्देश करीत १७ मात्रांत प्रारंभ करावा, यजमानाने १४ मात्रांची जोड द्यावी आणि बहुधा ३६ कड्यांवर थांबावे, असा त्याच्या बैठकींचा प्रघात.

१६८९ च्या प्रवासात मोगामी नदीकाठच्या ओइशिदा गावी एका यजमानाकडे अशी बैठक भरली. पावसाचे पाणी गोळा करीत वाहणाऱ्या नदीला बाशोने तेथे 'शीतल' म्हटले. त्यात यजमानाच्या नदीकाठच्या घराचेही कौतुक होते. पुढे प्रवासवर्णनात हीच रचना सुटी घेताना त्याने 'शीतल'च्या जागी 'वेगवान' घातले. आता समोर यजमान नव्हता!

१८९३ मध्ये मासाओका शिकीने 'होक्कू तेवढा साहित्य, साखळीकाव्य नव्हे' असा निवाडा दिला आणि त्याच दशकात 'हायकू' हे नाव रूढ केले. शिरीष पै यांनी मराठीत रुजविला तो हा एकट्याचा हायकू. आमच्या टिपणांत 'शीतल' हा पाठ कधी आलाच नाही.