काड्या, कागद आणि साक्ष

विमानविद्येच्या इतिहासाचा आरंभ १७ डिसेंबर १९०३ या दिवसापासून करण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी अमेरिकेतील किटी हॉक येथील वाळवंटी किनाऱ्यावर राइट बंधूंचे यंत्र पहिल्या खेपेस बारा सेकंद आणि चौथ्या खेपेस एकोणसाठ सेकंद हवेत राहिले. हा प्रघात सोयीचा असला तरी पुरेसा नाही. माणसाला घेऊन उडणाऱ्या विमानापूर्वी शंभर वर्षे, माणसावाचून उडणाऱ्या चिमुकल्या विमानांची एक परंपरा चालत आली होती. काड्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले रेशीम वा कागद, एवढाच तिचा संभार. आज ज्यास आपण मुलांचे खेळणे म्हणतो ते त्या काळी शोधकाचे मुख्य साधन होते. या लहानशा वस्तूची हकीकत सांगावी, ती कशी घडवतात ते पाहावे, आणि आपल्या घरच्या एका जुन्या वादाविषयी तिच्यापासून काय शिकता येते याचा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

इंग्लंडातील सर जॉर्ज केली यांनी १८०४ साली एका लांब दांड्यावर पतंगासारखा पंख घट्ट बसवला आणि मागील टोकास हवी तशी वळवता येणारी शेपटी जोडली. वस्तू दिसावयास अगदी साधी. परंतु तोवर उड्डाणाचा विचार करणारे बहुतेक लोक पक्ष्याप्रमाणे पंख फडफडवण्याच्या कल्पनेत गुंतले होते. उचलून धरण्याचे काम स्थिर पंखाने करावे, पुढे ढकलण्याचे काम दुसऱ्या साधनाने करावे आणि तोल राखण्याचे काम शेपटीवर सोपवावे, ही केली यांची कामाची वाटणी होती. आणि तिच्यातील पंख व शेपटी यांची योजना या प्रतिकृतीत प्रत्यक्ष दिसली. आजच्या प्रचंड प्रवासी विमानाची ठेवण मूलतः तीच आहे.

केली यांच्या मागून आलेल्यांपैकी दोन नावे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले सॉमरसेट परगण्यातील चार्ड गावच्या जॉन स्ट्रिंगफेलो यांचे. १८४८ साली त्यांनी दहा फूट पंखविस्ताराची, वाफेच्या चिमुकल्या इंजिनावर चालणारी प्रतिकृती एका रिकाम्या गिरणीच्या दालनात तारेवरून सोडली. तारेचा आधार सुटल्यावर ती स्वबळाने उडाली, असे सांगतात. तथापि हे कथन बऱ्याच अंशी त्यांच्या पुत्राने कित्येक वर्षांनंतर लिहिलेल्या हकीकतीवर उभे आहे, आणि इतिहासकारांचे त्याविषयी अद्याप एकमत नाही. स्ट्रिंगफेलो हे इंजिने बनवण्यात निष्णात होते. १८६८ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात त्यांच्या इंजिनास शंभर पौंडांचे पारितोषिकही मिळाले. परंतु कारागीर कुशल होता एवढ्यावरून उड्डाण झाले असे सिद्ध होत नाही.

दुसरे नाव फ्रान्समधील आल्फाँस पेनो यांचे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युइलेरी उद्यानात या तरुणाने जेमतेम अठरा इंच पंखविस्ताराचे एक विमान सोडले. त्याची सारी शक्ती पीळ दिलेल्या रबरात साठवलेली होती. पीळ उलगडू लागताच मागील पंखा फिरू लागला आणि ते विमान अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर उडत गेले. उघड्या जागी, हवाई नौकानयन मंडळाच्या सभासदांसमक्ष, अंतर आणि वेळ मोजून हे घडले. मागील आडवी पट्टी पंखापेक्षा किंचित खालच्या कोनात बसवल्यास विमान आपला तोल आपण सावरते, हे पेनो यांनी दाखवून दिले. पूर्ण आकाराचे विमान बांधण्यास मात्र त्यांना कोणी द्रव्यसाहाय्य केले नाही आणि १८८० साली अवघ्या तिसाव्या वर्षी त्यांनी आपल्या जीविताचा अंत केला.

पेनो गेले तरी त्यांचे रबर फिरत राहिले. त्यांच्या कल्पनेवर आधारलेले बांबू, बूच आणि कागद यांचे एक उडते खेळणे १८७८ च्या सुमारास अमेरिकेतील मिल्टन राइट या धर्मोपदेशकाने आपल्या दोन लहान मुलांसाठी घरी आणले. मुलांनी त्याच्या मोठमोठ्या नकला करून पाहिल्या. त्या जितक्या मोठ्या केल्या तितक्या कमी उडाल्या. लांबीरुंदी दुप्पट केली की शक्ती आठपट लागते, हे कारण विल्बर आणि ऑर्व्हिल यांस मोठेपणी उमगले. हाच धडा सॅम्युएल लँग्ले या थोर शास्त्रज्ञास फार महाग पडला. त्यांची सुमारे चौदा फूट पंखविस्ताराची, वाफेवर चालणारी प्रतिकृती ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे ३,३०० फूट उडाली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथे हजर होते आणि त्या उड्डाणाचे छायाचित्र त्यांनी घेतले. ती प्रतिकृती आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने जपलेली आहे. परंतु माणसास घेऊन जाणारे लँग्ले यांचे मोठे यंत्र १९०३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा ८ डिसेंबरास नदीत कोसळले. प्रतिकृती उडाली एवढ्यावरून मोठे विमान उडेलच असे मानता येत नाही. प्रत्येक पुराव्याला आपली मर्यादा असते आणि ती ओळखणे हा न्यायबुद्धीचाच भाग आहे.

विमाने खरोखर उडू लागल्यावर प्रतिकृती शोधकाच्या हातून हौशी मुलांच्या हाती गेली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इक्वेडोरच्या अरण्यांतील बाल्सा नावाचे, बुचासारखे हलके आणि तरीही चिवट लाकूड या कामी रूढ झाले आणि ‘किट’ या नावाने जुळणीचे संच बाजारात आले. पेटीत लाकडाच्या पट्ट्या, पंखाच्या फासळ्यांचे आकार छापलेल्या पातळ फळ्या, पूर्ण मापाचा आराखडा आणि पातळ टिश्यू कागद असे. बाकी सारे काम जुळवणाऱ्याच्या बोटांवर आणि त्याहूनही अधिक त्याच्या धीरावर सोपवलेले असे.

सपाट पाटावर आराखडा अंथरून त्यावर मेणकागद पसरतात. पंखाची मुख्य तुळई टाचण्यांनी जागेवर जखडून एकेक फासळी काटकोनात बसवतात. डिंक पुरता वाळेपर्यंत पंख पाटावरून उचलावयाचा नाही, हा पहिला नियम. घाईने उचललेल्या पंखात केसभर पीळ राहतो. तो डोळ्यास दिसत नाही, परंतु वाऱ्याच्या ध्यानातून सुटत नाही. मग सांगाडा काचकागदाने घासून गुळगुळीत करावयाचा आणि त्यावर कागद चढवावयाचा.

दिवाळीचा आकाशकंदील घरी बनवलेल्या वाचकांस हे आच्छादनाचे काम परके वाटणार नाही. कामट्यांचा सांगाडा आणि खळीने चिकटवलेला कागद, रीत तीच. मात्र कंदिलाच्या कागदाने दिव्याचा उजेड दाखवावयाचा असतो आणि विमानाच्या कागदाने भार तोलावयाचा असतो. म्हणून टिश्यूचे तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने येतील असे पाहतात. चिकटवल्यावर त्यावर पाण्याचा तुषार मारला की वाळताना कागद आक्रसतो आणि सुरकुत्या जाऊन ताठ बसतो. त्यावर ‘डोप’ नावाच्या पातळ द्रवाचे हात देतात. त्याने कागदाची छिद्रे बुजतात आणि ताण आणखी वाढतो. येथेच खरी परीक्षा असते. हा ताण मोठा बलवान. पंखाची एकच बाजू मढवली, किंवा वाळताना पंख पाटावर दाबून ठेवला नाही, तर कालपर्यंत सरळ असलेला सांगाडा पिळवटून निघतो. आच्छादन सांगाड्याला बळ देते, पण सांगाडा कच्चा असेल तर तेच आच्छादन त्याला मोडते. १९६० नंतरच्या काळात डोपऐवजी छोट्या इस्त्रीच्या उष्णतेने आक्रसणारी प्लास्टिकची पातळ फिल्म आली. साधन बदलले, नियम बदलला नाही.

अशा विमानास दुरून आज्ञा देण्याची कल्पना बिनतारी विद्येने शक्य केली. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी चालणारी छोटी नौका लोकांस दाखवली आणि त्याच वर्षी तिचे पेटंट मिळवले. परंतु नौकेस वजनाची चिंता नसते. जड बॅटऱ्या आणि काचेचे व्हॉल्व्ह हवेत उचलणे हे वेगळे काम होते. मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे विद्यार्थिदशेत असलेल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली ते साधले. वॉल्टर विमाने बांधण्यात कुशल, विल्यम हौशी बिनतारी संदेशक. त्यांच्या ‘गफ’ नावाच्या विमानाचा पंखविस्तार आठ फूट होता. बिनतारीच्या आज्ञेने यशस्वीपणे उडालेल्या आरंभीच्या प्रतिकृतींत त्याची गणना होते. त्याच सुमारास इतरांचेही प्रयत्न चालू असल्यामुळे ‘पहिला कोण’ हा वाद उरतो. ‘गफ’ उडाले याविषयी मात्र वाद नाही.

त्या काळच्या योजनेत एक गंमत होती. जमिनीवरून केलेला संकेत विमानातील ग्राहकयंत्रास मिळाला की विद्युच्चुंबक एक खटका ओढी, आणि घड्याळातल्यासारखे दातेरी चाक एक पाऊल सरके. पहिल्या संकेतास सुकाणू उजवीकडे, संकेत थांबताच मध्यावर, दुसऱ्या संकेतास डावीकडे. सुकाणू वळवण्याची शक्ती मात्र पीळ दिलेल्या रबराचीच असे. पेनो यांच्या उद्यानातले रबर सहा-सात दशकांनंतर बिनतारीची सेवा करीत होते. ‘गफ’ १९६० साली स्मिथसोनियन संस्थेकडे सुपूर्त झाले. ज्यास शंका असेल त्याने जाऊन त्याच्या फासळ्या मोजाव्यात.

आता आपल्या घरच्या वादाकडे वळू. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मनुष्यविरहित विमान उडवले, ही कथा मराठी माणसाने अभिमानाने सांगितली आणि ऐकली आहे. न्यायमूर्ती रानडे आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज तेथे उपस्थित होते, असेही सांगण्यात येते. तळपदे ही खरी व्यक्ती होती आणि प्राचीन विद्यांविषयी त्यांना तळमळ होती. परंतु त्या उड्डाणाचा समकालीन आणि निर्विवाद वृत्तान्त कोणी पुढे आणलेला नाही. यंत्र उरलेले नाही, मापे नाहीत, छायाचित्र नाही, प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराची स्वतःची नोंदही नाही. तोंडी पुरावा हा ज्याने स्वतः पाहिले त्याचाच असला पाहिजे, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. जे विधान करतो त्याच्यावरच ते सिद्ध करण्याचा भार असतो, हेही तसेच. चार्डच्या स्ट्रिंगफेलो यांना आपण जी कसोटी लावतो तीच तळपदे यांस लावली पाहिजे. परक्यासाठी एक वजन आणि घरच्यासाठी दुसरे, असा तराजू कोणत्याही देवळाच्या कोठीत चालत नाही.

या कथेस ज्याचा आधार देण्यात येतो त्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाची अवस्था याहून बिकट आहे. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तो १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहवून घेतला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्याची परीक्षा केली. ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यात वर्णिलेली याने उडण्यास असमर्थ आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी थट्टा केली नाही. मजकूर, भाषा, आकृत्या आणि वजने तपासली. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये याच विषयावर निबंध वाचला गेला आणि आपले हसे झाले.

येथे श्रद्धावान वाचक विचारील : मग पुष्पकाचे काय? त्यास उत्तर आहे. पुष्पक हे काव्यातील आणि भक्तीतील विमान आहे. ते उडण्यासाठी बाल्साच्या फासळ्यांची अपेक्षा करीत नाही. दक्षिणेकडे गर्भगृहावरील शिखरासही ‘विमान’ म्हणतात, आणि ते विमान न उडताच पाहणाऱ्याचे मन वर नेते. या शब्दाचे हे वैभव पुरेसे आहे. त्यास इंजिन बसवण्याचा अट्टाहास केल्याने काव्यही मोडते आणि यंत्रही उडत नाही. श्रद्धेची बाजू कच्च्या पुराव्यावर लढवणारा वकील आपल्या अशिलाचेच नुकसान करतो.

ज्या मुलाने स्वतःच्या हातांनी पंख जुळवला, त्यास मढवताना पडलेला पीळ पाहिला, गवतावर हलकेच सोडून विमान नाक खुपसते की शेपटीवर बसते हे तपासले आणि नाकाशी शिशाचा तुकडा ठेवून तोल साधला, त्यास पुराव्याचा कायदा वेगळा शिकवावा लागत नाही. बोलणे कितीही भारदस्त असले तरी वारा त्याला मान देत नाही, हे त्याच्या बोटांना कळलेले असते. आपल्या संस्थांच्या उत्सवांत मुलांसमोर प्राचीन विमानांवर व्याख्याने होतात. त्यांऐवजी एखाद्या वर्षी लाकडाच्या पट्ट्या, टिश्यू कागद आणि डिंक यांचे दहा-वीस संच वाटले, तर तळपदे यांची जी खरी इच्छा असावी, की या भूमीतील हातांनी उडणारी वस्तू घडवावी, तिचा तो अधिक प्रामाणिक सन्मान होईल.